सहा पावसाळ्यांच्या वह्या

१

तिच्या वह्या गेल्याचं कळलं तो सोमवार होता. तिला जाऊन तेव्हा चार महिने झाले होते.

मी धरणाच्या खात्यात लाँच चालवतो. पाण्याची खोली मोजणारे, दुरुस्तीवाले, पाहणीला आलेले, सगळ्यांना जलाशयावर नेतो आणि परत आणतो. माझी बायको त्याच धरणाच्या गाळ तपासायच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं होती. नदी जलाशयात शिरते तिथून रोज पाण्याची एक बाटली यायची. ती ते पाणी कागदातून गाळायची, कागद भट्टीत वाळवायची, तराजूवर ठेवायची आणि वजन वहीत लिहायची. बाटलीत किती गाळ आहे त्यावरून नदीने आज किती आणला ते कळतं, आणि वर्षभराची बेरीज केली की जलाशय किती भरला ते कळतं. वजन करताना ती श्वास रोखून धरायची. श्वासानेसुद्धा काटा हलतो, म्हणायची.

धरणाच्या तळाशी एक दरवाजा आहे. गाळ जास्त येतोय असं वहीत दिसलं की पुरात तो दरवाजा उघडायचा आणि गाळ खाली सोडून द्यायचा, अशी पद्धत. गेली सहा वर्षं वहीतले आकडे कमी होते, म्हणून दरवाजा उघडला नव्हता. या उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर मीच खोली मोजणाऱ्यांना लाँचमधून फिरवलं. तळदरवाज्यावर नऊ मीटर गाळ बसलेला निघाला. शहरासाठी जलाशयातून पाणी उपसणाऱ्या विहिरीचं तोंड निम्मं बुजलं होतं. शहरात दर तिसऱ्या दिवशी पाणी येत होतं, तेही गढूळ.

इतका गाळ आला कुठून, हा प्रश्न होता. मोठ्या साहेबांनी, म्हणजे धरणाच्या इंजिनिअरनी, भर बैठकीत सांगितलं की पुराच्या दिवसांचे आकडे टेबलावर बसून मनाने लिहिलेले आहेत. कोणी लिहिले हे त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती.

मुख्य कार्यालयाने वह्या मागवल्या. सोमवारी सकाळी प्रयोगशाळेचे प्रमुख, ज्यांना आम्ही केमिस्ट म्हणतो, त्यांनी कपाट उघडलं, आणि दहा मिनिटांत साहेबांकडे लेखी तक्रार दिली की वह्या चोरीला गेल्या. साहेबांनी कपाटाला कुलूप घालून किल्ली स्वतःकडे घेतली.

त्या कपाटाची किल्ली वर्षानुवर्षं दारामागच्या खिळ्याला लटकलेली असायची. आणि शनिवारी दुपारी मी त्या खोलीत एकटा होतो. तिचा चष्मा, एप्रन आणि चहाचा कप घ्यायला गेलो होतो. शिपायाने मला पाहिलं होतं.

दुपारी मुलीचा फोन आला. ती दुसऱ्या गावात नर्स आहे.

"बाबा, आईने आकडे मनाने लिहिले असं म्हणतायत ते लोक?"

"म्हणतायत."

"आणि वह्या तुम्ही नेल्यात असंही म्हणतायत."

"तुला कोणी सांगितलं?"

"ते सोडा. नेल्यात का?"

"नाही."

"मग शोधा. आईला आता स्वतःसाठी बोलता येणार नाही, बाबा."

२

मंगळवारी मुख्य कार्यालयातून तपासनीस बाई आल्या. पन्नाशीच्या पुढच्या, पायात कॅनव्हासचे बूट, हातात एक पातळ फाईल. त्यांची एक सवय पहिल्या तासातच सगळ्यांना कळली. कोणी काही सांगायला लागलं की त्या हात वर करायच्या. "सांगू नका. करून दाखवा."

मोठे साहेब त्याला वैतागले. "मी काय करून दाखवू? माझ्याकडे महिन्याला एक कागद येतो, त्यावर बेरीज असते. बेरीज कमी, दरवाजा बंद. वही मी जन्मात उघडलेली नाही."

"मग मनाने लिहिलं कशावरून म्हणता?"

"पुराच्या महिन्यांच्या जवळजवळ सगळ्या बेरजा सारख्याच. निसर्ग इतका शिस्तीचा नसतो, बाई."

"तो कागद तुमच्याकडे सहा वर्षं येत होता. हे आत्ता दिसलं?"

साहेबांनी चष्मा पुसायला घेतला.

मग केमिस्ट. मवाळ बोलणारा, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला माणूस. आमच्या हिच्या आजारपणात दोनदा हॉस्पिटलला येऊन गेला होता. बाईंनी त्यांना सोमवारी काय केलं ते करून दाखवायला लावलं. त्यांनी खिळ्यावरची किल्ली घेतल्यासारखं केलं, कपाट उघडल्यासारखं केलं, एक पाऊल मागे सरकले.

"वह्या कमी दिसल्या. मी कशालाही हात लावला नाही. तसाच साहेबांकडे गेलो."

"हात लावला नाही, नक्की?"

"नक्की. बोटांचे ठसे वगैरे असतात ना."

बाईंनी साहेबांकडून किल्ली मागवली आणि मला म्हणाल्या, "लाँचवाले, तुम्ही या इकडे. तुमच्यावर संशय आहे, तेव्हा तुम्हीच काम करा. यातल्या कुठल्या वह्या गेल्यात ते मला शोधून द्या."

कपाटात अडतीस वह्या होत्या. वर्षाला दोन, एक पावसाळ्याची आणि एक कोरड्या महिन्यांची. सगळ्यांना तिने खाकी कागदाचं कव्हर घातलेलं. वर नाव नाही, वर्ष नाही. चिकटवलेल्या चिठ्ठ्या भट्टीच्या धगीने सुटून पडायच्या, म्हणून तिने त्या लावणंच सोडलं होतं. मांडणीलाही क्रम नव्हता. कुठली कोणती ते तिला हातात घेतल्यावर समजायचं. बाकीच्यांना पहिलं पान उघडल्याशिवाय कळायचं नाही.

मी एकेक उघडत गेलो. तिचं अक्षर आलं की हात थांबायचा. बाई खिडकीशी उभ्या राहून घड्याळ बघत होत्या.

"मागच्या सहा पावसाळ्यांच्या नाहीत," मी शेवटी म्हणालो. "बाकी सगळ्या आहेत."

"पस्तीस मिनिटं लागली तुम्हाला." त्यांनी फाईल उघडून केमिस्टची तक्रार माझ्यापुढे धरली. सोमवारी, कपाट उघडल्यावर दहा मिनिटांच्या आत लिहिलेली. तिच्यात लिहिलं होतं: मागील सहा वर्षांच्या पावसाळी नोंदवह्या कपाटातून नाहीशा झाल्या आहेत.

मी दोनदा वाचलं. वह्यांना हातही न लावणाऱ्या माणसाला हे कळायला मार्गच नव्हता.

"मग विचारा ना त्यांना!" माझा आवाज चढला.

"आत्ता विचारलं तर संध्याकाळपर्यंत वह्यांची राख होईल." बाईंनी फाईल मिटली. "वह्या कुणी नेल्या ते कळलं. का नेल्या ते कळलेलं नाही. त्यांनी नेमके सहाच पावसाळे का उचलले? सातवा का नाही?"

३

मला तिच्या पाकिटांची आठवण झाली.

वजन झालेला कागद बाकीचे लोक फेकून देतात. ती फेकायची नाही. वाळलेला गाळ कागदासकट घडी करून लहान पाकिटात घालायची, वर पेन्सिलीने तारीख. संध्याकाळी टीव्हीसमोर बसून ती ही पाकिटं बनवायची. घडी घालायची सवय इतकी की बसचं तिकीटसुद्धा गाळणीच्या कागदासारखं चार पदरी दुमडायची. अजून तिच्या पर्समध्ये तशी तिकिटं आहेत.

"पाकिटं कुठे आहेत?" बाईंनी विचारलं.

"टेबलाखालच्या खणांत. कोणी विचारत नाही त्यांना."

साहेबांच्या पाणीपातळीच्या नोंदींवरून आम्ही पुराचे दिवस काढले. सहा पावसाळ्यांत बेचाळीस. बेचाळीस पाकिटं शोधून मी ती लांब टेबलावर ओळीने उघडी करून ठेवली. त्याच्या वरच्या बाजूला बाईंनी आधीच्या वर्षांतल्या पुराची दहा पाकिटं मांडायला लावली.

काही सांगायची गरज पडली नाही. वरच्या दहा कागदांवर काळा गाळ होता, जाड, वाळून तडे गेलेला. खालच्या ओळीत लाल. पातळ, विटेची भुकटी शिंपडल्यासारखा.

"मनाने लिहिलेले नाहीत," मी म्हणालो. "बाटलीत होता तेवढाच गाळ तिने लिहिला."

"हो. त्यांनी बरोबर मोजलं. पण नदी लाल आहे का काळी?"

"काळी. वरचा सगळा मुलूख काळ्या मातीचा आहे."

"मग सहा वर्षांपूर्वी नदीने रंग बदलला, किंवा कोणीतरी बाटली दुसरीकडे भरायला लागलं." त्या ओळीच्या कडेने चालत गेल्या आणि थांबल्या. "आणि हे काय?"

खालच्या ओळीतलं तिसरं पाकीट काळं होतं. पहिल्याच वर्षातलं. एक्केचाळीस लाल, त्यात एकच काळं, जाड, वरच्या दहासारखं.

"या एका दिवशी नमुना बरोबर जागेवरून आला. का?" बाईंनी वाकून तारीख वाचली आणि मोठ्याने म्हटली.

ती तारीख मला पाठ होती. मी टेबलाखालचा खण बंद करायला वळलो.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाईंना लाँचमधून वर, नदी जलाशयात शिरते तिथे नेलं. नदीतून बाटली भरून आणणारा माणूस तिथेच राहतो. त्याचं खरं नाव हजेरीपटातच उरलंय. सगळे त्याला बाटली म्हणतात, आणि तोही ओ देतो.

तो काठावर उभा होता. "या, भाऊ! आज पाहुण्यांना आणलंत? का आमची उचलबांगडी करायला आलात?"

"सांगू नका," बाई म्हणाल्या. "रोजचा नमुना भरून दाखवा."

तो हसला, बाटली आणि दोरी घेऊन निघाला. आम्ही मागे. नदीवर जुना पूल आहे, पण पुलाच्या अलीकडचा मातीचा भराव सहा वर्षांपूर्वी पुरात वाहून गेला. तो पुन्हा घालायचं दरवर्षी ठरतं. उन्हाळ्यात त्या खड्ड्यातून चालत जाता येतं. बाटली खड्ड्यात उतरला, पलीकडे चढला, पुलाच्या मध्यावर जाऊन वजन बांधलेली बाटली पार खालपर्यंत सोडली आणि भरून वर घेतली. काम चोख होतं.

आम्ही काठावर परतल्यावर बाई म्हणाल्या, "आता पुरातला नमुना भरून दाखवा."

त्याचं हसू मावळलं. "आता पूर कुठंय?"

"आहे असं समजा. खड्डा पाण्याने भरलाय. कुठे जाल?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मी लाँचच्या दोरीची गाठ सोडून पुन्हा बांधत होतो. शेवटी तो वळला आणि आपल्या घराच्या दिशेने चालायला लागला. घरामागे एक ओढा आहे, डोंगरातल्या झाडीतून येतो आणि खाली नदीला मिळतो. त्याचे दोन्ही काठ लाल. बाटलीने गुडघ्यावर बसून ओढ्याच्या पाण्यात बाटली बुडवली.

"इथं," तो म्हणाला. "पाणी ते पाणी. शेवटी जातं नदीतच ना?"

"झाडीतून येतं ते," बाई म्हणाल्या. "झाडी माती धरून ठेवते. नदीत पुराच्या वेळी चिखल वाहतो आणि इथं जवळपास नुसतं पाणी. वर्षाचा बहुतेक गाळ त्या सहा-सात दिवसांत येतो. तेच दिवस तुम्ही इथं भरलेत."

"मला काय ठाऊक! मला बाटली भरायला सांगितली, मी भरली. रिकामी पाठवली असती तर चाललं असतं?" तो उभा राहिला. लुंगीला लाल चिखल लागला होता. "आणि मी काय पोहत जाऊ मधल्या धारेत? भराव गेला तेव्हा हुकूम निघाला होता, पुरात नमुना लाँचमधून घ्यायचा. मी निरोप धाडला होता लाँचला. एकदा नाही, दहादा."

"मग?"

"मग काय! यांनाच विचारा की, बाई. लाँच काय मी चालवतो?"

बाई माझ्याकडे वळल्या.

५

परत येताना त्या लाँचच्या पुढच्या टोकाला बसल्या, पाठ माझ्याकडे. जलाशयाच्या मधोमध मला म्हणाल्या, "इंजिन बंद करा."

मी बंद केलं.

"लाँचची नोंदवही दाखवा."

ती सीटखाली असते. मी दिली. पुराच्या प्रत्येक तारखेपुढे माझ्या हाताने एकच शब्द लिहिलेला आहे: बंद. सहा वर्षांत एकाच तारखेपुढे वेगळं लिहिलं होतं: गेली. आली. तीच ती तारीख, काळ्या पाकिटाची.

"सांगा," त्या म्हणाल्या. या वेळी करून दाखवा म्हणाल्या नाहीत.

मी सांगितलं. भराव गेला त्या वर्षीचा तिसरा पूर. हुकूम आला होता म्हणून मी बाटलीला घेऊन मधल्या धारेत गेलो. त्याने नमुना भरला आणि वरून एक अख्खं झाड मुळासकट आलं. लाँच आडवी झाली. इंजिनात पाणी शिरलं. कसे काठाला लागलो ते आम्हा दोघांनाही नीट सांगता येत नाही. धरणाच्या धक्क्यावर परत आलो तेव्हा ती उभी होती, एप्रन घातलेली, प्रयोगशाळेतून तशीच पळत आलेली. मला काही लागलंय का हेसुद्धा तिने विचारलं नाही. माझा हात आपल्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाली, "पुरात पुन्हा लाँच काढणार नाही म्हणा. माझी शपथ आहे." मी म्हटलं. त्यानंतर दरवर्षी बंद लिहीत गेलो. लाँच जुनी होती, इंजिन भरवशाचं नव्हतं, हे खरंच होतं. कोणी विचारलं असतं तर तेच सांगितलं असतं. पण कोणी विचारलंच नाही.

"नमुना मग कुठून येत असेल, हा प्रश्न पडला नाही तुम्हाला?"

"मला वाटलं, पुलावरून घेत असेल कसातरी."

"खड्ड्यातून? पुरात?"

मी इंजिनाच्या झाकणावरचं पाणी पुसायला लागलो.

बाईंनी नोंदवही फाईलमध्ये घातली. "आता केमिस्टना विचारायला हरकत नाही. त्यांनी काय लपवलंय ते मला कळलं असं वाटतंय. चला."

६

केमिस्ट प्रयोगशाळेत एकटेच होते. बाईंनी लाल कागदांपैकी एक त्यांच्यापुढे ठेवला.

"वहीत वजनाशेजारी शेऱ्याचा रकाना असतो. त्यात यांच्या पत्नी रंग लिहीत होत्या, बरोबर? आणि महिन्याच्या शेवटी पानाखाली सही तुमची."

केमिस्ट उठले, भांडारखोलीत गेले आणि रिकाम्या बाटल्यांचं एक खोकं घेऊन आले. बाटल्या एकेक करून बाहेर काढल्या. तळाशी खाकी कव्हरच्या सहा वह्या होत्या.

"मी वाचत नव्हतो," ते म्हणाले. "वहिनींचं काम म्हणजे डोळे झाकून सही, असं होतं. शनिवारी तुम्ही सामान घेऊन गेल्यावर पहिल्यांदा वाचायला बसलो. सोमवारी द्यायच्या होत्या म्हणून." त्यांनी वह्या टेबलावर ठेवल्या. "जाळणारच होतो. पण अक्षर बघून हात धजावला नाही."

"आणि संशय माझ्यावर आला तेव्हा?" मी विचारलं. "तेव्हा तोंड उघडायला काय झालं होतं? हॉस्पिटलला येऊन तिच्या उशाशी बसला होतात तुम्ही!"

ते रिकाम्या बाटल्या पुन्हा खोक्यात भरायला लागले.

बाईंनी पहिली वही उघडली आणि माझ्याकडे सरकवली. तिसऱ्या पुराच्या दिवशी शेऱ्यात लिहिलं होतं: काळा, दाट. लाँचमधून. पुढच्या पुराला: लाल. नमुना कुठला? त्याच्या पुढच्याला: लाल, पातळ. ही नदी नव्हे. नमुना कुठून घेतला ते विचारावे. चार पावसाळे ती हेच विचारत होती, दर पुराला, कधी एका ओळीत, कधी दोन. प्रत्येक महिन्याच्या पानाखाली केमिस्टची सही.

"तुमच्या पत्नीचं नाव साफ झालं," बाई मला म्हणाल्या. "आकडे खरे. प्रश्नही लेखी विचारलेला, चार वर्षं. कोणी उत्तर दिलं नाही."

मी तिच्याच स्टुलावर बसलो. मुलीला फोन करायचा, एवढंच डोक्यात होतं.

"पण एक आहे." बाईंनी पाचवी वही उघडली, मग सहावी. "इथं शेऱ्यात फक्त लाल. दोन पावसाळे, चौदा पूर, चौदा वेळा नुसतं लाल. प्रश्न नाही. त्या विचारायच्या का थांबल्या?"

केमिस्टनी मान हलवली. "मला खरंच माहीत नाही."

त्यांना माहीत असणं शक्यच नव्हतं. ते माहीत असलेला माणूस जगात एकच उरला होता.

मी म्हणू शकत होतो, कंटाळली असेल. चार वर्षं भिंतीशी बोलून कोणीही थांबेल. बाईंनी ते मान्य केलं असतं. त्या माझ्याकडे बघतही नव्हत्या. वहीच बघत होत्या.

"बाटलीचं काय होणार?" मी विचारलं.

"नमुन्याची जागा त्याने बदलली. कोणाला कळवलं नाही. बाकी कोणाला ते ठाऊक नव्हतं असंच कागदावर दिसतं. त्याची नोकरी जाईल."

मी तिच्या तराजूकडे पाहिलं. त्यावर प्लॅस्टिकचं आवरण घातलेलं होतं. मग बोललो.

"चौथ्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. आम्ही घरी बसलो होतो. ती पाकिटं करत होती. मला म्हणाली, 'अहो, पुरात तो नमुना कुठून आणतो? कागद लाल येतो.' मी म्हणालो, 'मी लाँच काढत नाही, तूच शपथ घातलीयेस. मग आणत असेल कुठूनतरी, ओढ्याबिढ्यातून.' तिचे हात थांबले. मी टीव्ही बघत होतो. थोड्या वेळाने तिने पुन्हा घडी घालायला घेतली. त्यानंतर तिने हा विषय काढला नाही. घरीही नाही आणि वहीतही नाही."

"म्हणजे तुम्हाला ओढा ठाऊक होता."

"बोलून गेलो होतो. लाँचमध्ये तुम्ही विचारलंत तेव्हा पुलाचं सांगितलं. ते खोटं होतं."

"आणि त्यांना कळलं होतं."

"कळलं होतं. पुन्हा विचारलं असतं तर नवा हुकूम निघाला असता, आणि मला पुरात जावं लागलं असतं."

केमिस्ट उठून खिडकीपाशी गेले.

बाईंनी पेन उघडलं, पण लिहिलं नाही. "लाँचवाले, तुमच्या पत्नीवर आळ होता तो खोट्या आकड्यांचा. तो गेला. हे तुम्ही बोलला नसतात तर अहवाल तिथेच संपला असता. विचार करून सांगा. हे लिहू?"

मी विचार केला. बाटलीला दोन मुली आहेत, दोघी शिकतायत. त्याने निरोप धाडले होते, दहादा. मी बंद लिहिलं होतं. आणि तिने चौदा वेळा लाल लिहिलं होतं, कारण खोटं लिहिणं तिला येत नव्हतं, आणि खरं विचारणं तिने माझ्यापायी सोडलं होतं.

"लिहा," मी म्हणालो. "तिघांचंही लिहा."

बाईंनी लिहायला घेतलं. पान संपेपर्यंत त्यांनी वर पाहिलं नाही.

७

अहवाल जूनमध्ये आला. बाटलीची नोकरी राहिली, ताकीद मिळाली. केमिस्टची बदली झाली. जाताना ते माझ्याकडे आले होते. दारातच उभे राहिले आणि मी आत या म्हणालो नाही. साहेबांना, बेरजेचा कागद पुरेसा नाही, वही बघत जा, असं लिहून आलं. मला तीन महिन्यांसाठी लाँचवरून काढलं आणि पंधरा दिवसांत परत घेतलं, कारण दुसरं कोणी यायला तयार नव्हतं. लाँचला नवीन इंजिन आलं.

या पावसाळ्यात आत्तापर्यंत दोन पूर आले. दोन्ही वेळा मी बाटलीला घेऊन मधल्या धारेत गेलो. "भाऊ, झाड दिसलं की आधी मला सांगा हं, मग देवाला," तो म्हणाला. दोन्ही कागद काळे निघाले. आता ते पाणी एक नवीन मुलगी गाळते, चांगलं काम करते, फक्त पाकिटं करत नाही. तळदरवाज्यासमोरचा गाळ पंपाने उपसायचं काम चालू आहे. साडेचार मीटर निघालाय, साडेचार बाकी आहे. तोवर दरवाजा उघडत नाही आणि शहराला तिसऱ्या दिवशीच पाणी मिळतं.

आकडे खरे ठरले हे मी मुलीला वह्या सापडल्या त्याच दिवशी फोनवर सांगितलं होतं. ती वॉर्डातच होती. हुंदका आवरत म्हणाली, "मला माहीतच होतं, बाबा. आई असलं करणारच नाही. अहवालात अजून काय येणार आहे तिच्याबद्दल?"

"तू आलीस की दाखवतो," मी म्हणालो.

त्यानंतर ती दोनदा येऊन गेली. अहवाल तिला अजून दाखवलेला नाही.